घरात नाजूक कोण?

१

ताईचं काम ऐकलं की लोक नाक मुरडायचे, म्हणून ती सांगायच्या फंदातच पडत नसे. कोणी विचारलंच तर "दवाखान्यात असते" एवढं म्हणून विषय बदलायची. ती दवाखान्यातली जुनी सिस्टर होती हे खरंच, पण अलीकडे तिचं काम दवाखान्याबाहेर चालायचं. मोठं ऑपरेशन होऊन किंवा आयसीयूतून वाचून घरी परतलेल्या पेशंटांकडे जायचं, पोट तपासायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि घट्ट झाकणाच्या डबीतून शौचाचा नमुना लॅबला आणून द्यायचा. जिने चढून चढून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. दवाखान्यात तिला पाठीमागून इस्त्रीबाई म्हणायचे. एक तर तिचा ॲप्रन कडक, आणि दुसरं म्हणजे जवळ गेलं की चटका.

त्या दिवशी ती मास्तरांकडे गेली होती. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पित्ताशयाच्या ऑपरेशनासाठी आले आणि ताप चढल्यामुळे वॉर्डातच मुक्कामाला राहिले. आता घरी येऊन ठणठणीत झाले होते. नमुन्यात मात्र ग्रोथ आली होती, म्हणजे लॅबमध्ये त्यातून नको तो जंतू वाढला होता, आणि ती त्यांना समजावून सांगणं हेही ताईचंच काम होतं.

"वॉर्डात तुम्हाला एवढी औषधं दिली, त्यात पोटातले एरवीचे जंतू धुऊन निघाले," ती म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की ते म्हणताना ती परतीच्या बसचा विचार करू शकायची. "मग तिथं एकच उरला. त्याला कुठलंच औषध लागू पडत नाही. तुम्हाला काही करणार नाही तो. नुसता राहणार."

"म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू."

"तसंच समजा."

"आणि जातो कधी?"

"त्याला वाटेल तेव्हा. कोणाचा महिन्यात जातो, कोणाचा वर्ष वर्ष जात नाही."

मास्तर हसले. त्यांना विद्यार्थी मिळाल्यासारखं झालं होतं. ताईनं तळहातावर घासून स्टेथोस्कोपची चकती गरम केली आणि त्यांच्या पोटावर ठेवली. वेळ वाचवायची तिची एक सवय होती. नळीचं एक टोक कानात, दुसरं कानाबाहेर. एका कानानं पोट ऐकायचं, दुसऱ्या कानानं उत्तरं. बाकीच्या सिस्टर आधी पोट तपासायच्या आणि मग बाहेरच्या खोलीत बसून घरच्यांना प्रश्न विचारायच्या. ताईला तेवढी उसंत कधी मिळालीच नाही.

मास्तरांचं पोट छान बोलत होतं. निरोगी पोट कधी गप्प नसतं, सारखी काहीतरी गुडगुड, काहीतरी सरकतंय, कुठं बुडबुडा फुटतोय.

"घरात नाजूक कोण आहे?" तिनं विचारलं. "तान्हं मूल, फार म्हातारं माणूस, मोठी औषधं चालू असलेलं कोणी?" प्रश्न महत्त्वाचा होता. धडधाकट माणसाला हा जंतू काही करत नाही, पण अशांच्या रक्तात शिरला तर डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही.

आणि पोट गप्प झालं.

हळू झालं असं नाही, एकदम थांबलं. भरल्या वर्गात कोणी आत यावं तसं. ताईनं चकती सरकवली. दुसऱ्या जागीही शांत, तिसऱ्या जागीही. पोट असं गप्प पडलं तर पेशंटला उचलून ऑपरेशनला न्यायचं, असं ती शिकली होती. पण मास्तर तर मजेत पडले होते.

"बाळ आहे ना आमचं," दारात उभी असलेली सून म्हणाली. "अजून महिन्याचंही नाही. आतल्या खोलीत असतं."

मग मास्तरांच्या पोटातून एकच लांब आवाज आला, मोरीत पाणी उतरावं तसा. त्यानंतर नेहमीची गुडगुड सुरू झाली. नळी जुनी झाली, ताईच्या मनात आलं, नवी मागवायला हवी. तिनं सुनेला हात धुण्याचं, वेगळ्या संडासाचं, फिनाइलचं सगळं सांगितलं आणि जिना उतरली.

२

घरी धाकटी खिडकीशी बसली होती. ताईची धाकटी बहीण, एवढीच तिची ओळख अख्ख्या गल्लीत होती. तिचं खरं नाव लोक विसरून गेले होते. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मग रक्ताचा आजार निघाला आणि दुकान सुटलं.

"आलीस का हात धुऊन?" धाकटीनं विचारलं.

"खालच्या नळावर एकदा, वरच्या नळावर एकदा. गोळी घेतलीस?"

"घेतली. आज कोणाकोणाचं काय काय गोळा केलंस?"

"जेवायच्या वेळी विचारू नकोस."

"जेवायला कुठं बसलोय अजून? तू स्वयंपाक केलास तर बसू."

दोघींचं बोलणं हे असं. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत जायची होती, आणि ताईनं तिला वाढवलं ते दटावून. वेणी घालताना केस ओढून, ताप आला की आधी रागावून मग औषध देऊन. जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं तिला कधी जमलं नाही. तिला धाकटीची काळजी वाटायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. अलीकडे तो सारखाच चढलेला असायचा.

कारण पुढचं औषध मोठं होतं. ते दिल्यावर काही आठवडे धाकटीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी शून्यावर येणार होत्या. तेवढ्या दिवसांत साधा जंतू शिरला तरी जिवावर बेतेल, आणि ताई ज्याचे नमुने गोळा करत हिंडायची तो शिरला तर आशाच सोडायची. धाकटीचा नमुना तपासून झाला होता. ग्रोथ नाही. ते वाचलं तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला होता. आता फक्त तो निकाल तसाच ठेवायचा होता. पोरगी या एका औषधातून पार पडली, की तिला पुन्हा दुकानात, पुन्हा लोकांच्या डोळ्यांना नंबर लावताना बघायची, एवढंच ताईचं मागणं होतं.

३

शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडे ताईची दुसरी खेप होती. गर्भाशयाच्या ऑपरेशनानंतर तिच्या पोटात तोच जंतू मुक्कामाला आला होता. या घराची ताईला चांगली आठवण होती, कारण पहिल्या खेपेला तिथं सासू-सुनेचं बोलणंच नव्हतं. सासू आतल्या खाटेवरून भिंतीला सांगायची आणि सून मशीनला उत्तर द्यायची. वर्षानुवर्षं हाच प्रकार, असं बाईच्या नवऱ्यानं हसत हसत सांगितलं होतं. "घरात नाजूक कोण?" असं ताईनं विचारलं, तेव्हा बाई चकतीखाली पडल्या पडल्या म्हणाली होती, "आहे की, आमची महाराणी."

या वेळी मशीन बंद होतं. आतली खाट उभी करून भिंतीला टेकवली होती.

"आई गेल्या," नवरा म्हणाला. "ताप आला आणि उतरलाच नाही. वयही झालं होतं म्हणा. पण सिस्टर, एक सांगतो, शेवटी सुखात गेल्या. ही दवाखान्यातून आली ती माणूस बदलूनच आली. रोज दुपारी आईच्या उशाशी जाऊन बसायची. भात कालवून स्वतःच्या हातानं भरवायची. तोंड पुसायची. आई रडली हो एकदा, इतक्या वर्षांत सुनेनं पहिल्यांदा हात लावला म्हणून."

बाई शून्यात बघत होती. नवरा पाणी आणायला आत गेला तशी ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, मी नाही हो बसले."

"म्हणजे?"

"मी दुपारची झोपते. थकवा असतो ना. उठते तेव्हा माझ्या हाताला भात लागलेला असतो. ते सगळे म्हणतात, किती केलंस, किती केलंस. मी काय सांगू? मला ती म्हातारी अजिबात आवडत नव्हती."

ताईनं तिला बॅगेतल्या अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. दुसरं काय करणार? दुखण्यातून उठलेली माणसं झोपेत बोलतात, चालतात, हे तिनं पाहिलं होतं. जिना उतरताना तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण बसची वेळ झाली होती.

४

ताई पुन्हा मास्तरांच्या घरी गेली तर आतली खोली रिकामी. पाळण्याचा नुसता सांगाडा, गादी गुंडाळून वर टाकलेली. सून पिशव्या भरत होती.

"बाळाला आईकडे ठेवून आले," ती म्हणाली. "उरलेलं न्यायला आलेय."

"बरं नाही का बाळाला?"

"बरं आहे. तसंच राहावं म्हणूनच नेलं." तिनं दाराकडे पाहिलं. पुढच्या खोलीत मास्तर आरामखुर्चीत डुलकी काढत होते. "बाबांनी यांना लहानपणी कधी मांडीवर घेतलं नाही, असं सासूबाई सांगायच्या. फार कडक. आणि आता रोज दुपारी झोपेतून उठायचे, सरळ आत यायचे, पाळण्यात हात घालून बाळाच्या ओठांवरून बोट फिरवायचे. डोळे उघडे, पण मला बघायचे नाहीत. हाक मारली तर ऐकू जायचं नाही. सगळे म्हणायचे, आजोबांना नातवाचं वेड लागलंय. मला वाटलं, मीच वेडी झालेय."

"कधीपासून?"

सुनेनं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला राग नाही ना येणार? तुम्ही येऊन गेलात त्या दुपारपासून. त्याआधी बाबांना बाळ कुठल्या खोलीत असतं तेही धड माहीत नव्हतं. तुम्ही विचारलंत ना, नाजूक कोण म्हणून. आणि मी त्यांच्यासमोर सांगितलं."

ताईला एवढी दमणूक एकदम कुठून आली ते कळेना. ती पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. किती घरांत विचारला असेल हा प्रश्न? पोटावर चकती ठेवून, कान लावून, अगदी जवळून, स्पष्ट आवाजात. आणि घरच्यांनी दरवेळी भाबडेपणानं बोट दाखवून सांगितलं होतं, हे बघा, इथं आहे, या खोलीत असतं.

डोकं ठिकाणावर आण, तिनं स्वतःला बजावलं. जंतूला कान नसतात. माणूस मरणाच्या दारातून आला की मऊ होतो, घरातल्या अशक्त माणसाची त्याला माया येते, यात नवल ते काय. तिनं पुढच्या खोलीत जाऊन मास्तरांचं पोट तपासलं नाही. नमुन्याची डबी ठेवली आणि निघाली.

५

त्यानंतर तिनं तो प्रश्न विचारणं सोडलं. चिठ्ठी द्यायची, घरच्यांना बाहेर बोलावून कानात सांगायचं, काहीतरी जुगाड. पेशंटसमोर चकार शब्द काढायचा नाही.

बस ड्रायव्हरचं घर एका खोलीचं होतं. पहिलीच खेप. बायको कामावर गेलेली, तो एकटाच पलंगावर पडलेला. भर दुपार, पंख्याची घरघर. ताईनं आज दोन्ही कानांत नळ्या घातल्या होत्या. पोट तेवढं ऐकायचं आणि निघायचं. ड्रायव्हरला डुलकी लागली असावी, श्वास संथ झाला होता. ती खाली मान घालून चकतीकडे बघत होती.

पोट थांबलं. ती वाट बघत राहिली.

"घरात नाजूक कोण आहे?"

आवाज नळीतून आला होता. भरदार, थोडा घोगरा, ड्रायव्हरचाच असावा. पण विचारण्याची ढब ताईची होती. तोच शब्द, तोच थांबा, तोच कंटाळा. आणि सर्वांत वाईट म्हणजे इतक्या वर्षांच्या सवयीनं उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर आलं. धाकटी, असं ती म्हणणारच होती. दात आवळून तिनं ते गिळलं.

तिनं कानातून नळ्या काढल्या. ड्रायव्हर मंद घोरत होता. त्याचे ओठ हलले होते की नाही हे ती शपथेवर सांगू शकली नसती, तिचं लक्ष चकतीकडे होतं. छातीतला आवाज नळीतून मोठा येतो, हे तर पहिल्या वर्षी शिकवतात. वॉर्डात त्यानं शेजारच्या खाटेवर हा प्रश्न ऐकला असेल, आता झोपेत बरळला. सगळं पटण्यासारखं होतं. तिनं पटवूनही घेतलं. फक्त बॅगेची चेन तिला तीनदा ओढूनही लागली नाही.

"झालं का सिस्टर?" ड्रायव्हर डोळे चोळत उठला. "चहा टाकू?"

"नको," ती म्हणाली. "झोपा तुम्ही." आणि मग, "नको, झोपू नका. बसा जरा."

६

धाकटीला दाखल करायच्या आधी घरातल्या माणसाचाही नमुना तपासायचा, हा नियमच होता. निकाल आला तेव्हा मोठ्या मॅडमनी ताईला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. मोठ्या मॅडम म्हणजे संसर्ग विभागाच्या प्रमुख. ताईचे आणि त्यांचे केस बरोबरच पांढरे झाले होते.

"बस," त्या म्हणाल्या. त्यावरूनच ताईला कळलं.

"ग्रोथ?"

"हं. कुठून आला वगैरे विचारत बसण्यात अर्थ नाही. तुझं कामच ते. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस."

ताईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पोटात कावळे ओरडत होते, इतके की मॅडमनाही ऐकू जात असेल याची तिला लाज वाटत होती.

"मॅडम," शेवटी ती म्हणाली, "तो नाजूक माणसाचा प्रश्न आपण पेशंटसमोर विचारू नये, असं मला वाटतं."

"का गं?"

खरं कारण तिच्या ओठांवर येईना. मॅडमनी तिला सरळ रजेवर पाठवलं असतं. "पेशंटला अपराधी वाटतं," ती म्हणाली.

"बरं, पुढच्या मीटिंगला घेऊ." मॅडमनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला. जे शेकडो वेळा करून हाताला वळण पडलेलं असतं ते करताना माणूस विचार करत नाही. "हां, तर. घरात नाजूक कोण आहे?"

ताईच्या पोटातले कावळे गप्प झाले.

तिला ते आतून जाणवलं. भूक गेली असं नव्हे. भूक होतीच, पण त्या भुकेनं कान टवकारले होते. ताईनं ओठ मिटले, खुर्चीचे हात घट्ट धरले. मॅडमकडे बघून मान हलवली, नको, नको, म्हणून.

"अगं, काय विचारतेय मी तरी," मॅडम हसल्या आणि मायेनं तिच्या हातावर हात ठेवला. "तुझी धाकटीच की. दुसरं आहे कोण तुला?"

ताईच्या बरगड्यांखालून काहीतरी सावकाश, समाधानानं खाली सरकलं.

७

ती त्याच दिवशी घर सोडून सिस्टरांच्या खोल्यांवर राहायला गेली. धाकटी एकटी दाखल झाली. ताईनं वॉर्डाच्या इन्चार्जला खोटं न बोलता सगळं सांगितलं. म्हणजे ग्रोथचं. माझ्यात आहे, मी आत येणार नाही, काचेबाहेरून बघेन. इन्चार्ज सकाळच्या पाळीला असायची. तिनं मान डोलवली आणि दुसऱ्या कामाला लागली.

काचेमागची खोली छोटी होती. पलंग, सलाइनचा स्टँड, हात धुवायचं बेसिन. धाकटीचे केस गेले होते. डोक्याला रुमाल बांधून ती फोनवर ताईशी बोलायची, काचेच्या या बाजूनं ती दिसायचीही आणि ऐकूही यायची.

"तिथं उभी राहून काय माझी राखण करतेस? जा, कामाला जा."

"रजा टाकलीये. गप पडून राहा."

पण अलीकडे ताईच्या दटावण्यात जोर राहिला नव्हता. काचेशी उभी राहिली की तिला भरून यायचं. त्या रुमालाखालच्या कपाळावर हात ठेवावा, ते वाळलेले ओठ ओल्या बोटानं पुसावे, घास भरवावा, असं वाटायचं. जे आयुष्यभर कधी वाटलं नाही ते आता इतकं वाटायचं, की पाय आपोआप दाराकडे वळायचे. बहिणीवर तिचं प्रेम होतं. होतंच. पण हे उमाळे तिचे होते का? शिवणाऱ्या बाईला म्हातारी आवडत नव्हती. मास्तरांनी पोटच्या पोराला मांडीवर घेतलं नव्हतं. ताईला आपल्याच मायेची भीती वाटायला लागली, आणि एवढं एकटं तिला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

म्हणून ती काचेसमोरून निघून कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसायची. दुपार झाली की तिचे डोळे मिटायचे. कितीतरी दिवसांची झोप साचली होती. भिंतीला डोकं टेकलं, की जाग यायची ती थेट चहाच्या गाडीच्या खडखडाटानं. तेवढाच काय तो विसावा.

त्या दिवशी जाग आली तेव्हा तिनं ठरवलं, की आता स्वतःवर विसंबून राहायचं नाही. दुपारच्या पाळीला एक नवीन सिस्टर होती, दुसऱ्या वॉर्डातून आलेली, हसतमुख मुलगी. ताई तिच्या टेबलापाशी गेली.

"हे बघ, मला आत सोडायचं नाही. मी विनवलं, रागावले, काहीही सांगितलं, तरी दार उघडायचं नाही. माझ्यात ग्रोथ आहे. इन्चार्जनं सांगितलं असेल तुला."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं. "मला कोणी काही बोललं नाही, सिस्टर," ती म्हणाली. "आणि तुम्ही तर रोज जाता."

"कुठं जाते?"

"आत. रोज दुपारी. आताही जाऊन आलात की. गाऊन घालता, मास्क लावता, सगळं नियमानं. तुम्हाला काय मी शिकवणार? फक्त हातमोजे काढता. मी म्हटलं होतं तुम्हाला पहिल्या दिवशी." तिचा आवाज बारीक झाला. "तर तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. मला वाटलं, रागावलात."

ताईनं आपले हात वर धरून पाहिले. तर्जनीच्या पेरावर काहीतरी पांढरट वाळलं होतं. मऊ भाताचं शीत असावं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून पेशंटांना दुपारी मऊ भात यायचा. ताईनं तो खाल्ला नव्हता.

फोन वाजला. काचेपलीकडे धाकटी उशीला टेकून बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती. ताई फोन कानाला लावून काचेपाशी जाऊन उभी राहिली. सगळं सांगून टाकायचं, ती मनाशी म्हणाली. आत्ताच्या आत्ता. मॅडमना बोलवायचं, रक्त तपासायला लावायचं, आणि हिला सांगायचं की जी येते ती मी नाही.

"ताई," धाकटी म्हणाली. तिचे गाल लालसर झाले होते, डोळे चमकत होते. "अंगात जरा कणकण आहे गं आज. औषधाचीच असेल. पण एक सांगू? हसशील."

"सांग."

"मला लहानपणी वाटायचं, तुला मी नकोच होते. गळ्यात पडले म्हणून सांभाळतेस. या दुखण्यानं एक बरं केलं बघ. रोज येतेस, काही न बोलता बसतेस, ओठांवरून बोट फिरवतेस. कधी म्हणून हात लावला नव्हतास मला. आता मेले तरी माझी तक्रार नाही."

"असं बोलू नये," ताई म्हणाली. कोणत्या तोंडानं सांगणार होती? आयुष्यात एकदाच पोरीला माया मिळाली होती, आणि तीही तिच्या हातानं दिलेली, पण तिनं न दिलेली.

नवीन सिस्टर घाबरून मॅडमच्या खोलीकडे धावत गेली होती, तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरत गेला. धाकटीनं काचेवर तळवा टेकवला.

"उद्या येशील ना?"

नाही, असं म्हणायला ताईनं तोंड उघडलं.

"येईन," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, आणि त्यात इतकी माया होती की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.